काट्याची वायर आणि माझी पट्टी

नांदूरघाटात आमच्या घराच्या पुढच्या खोलीत दूध संकलन केंद्र आहे. केंद्र भावाचं, खुर्ची माझी. आज हे वाक्य मी बिनधास्त लिहिते आहे, पण मधे एक दसरा असा आला की त्यातला दुसरा भाग खोटा ठरता ठरता राहिला.

मी जन्मापासून आंधळी आहे. सरकारी कागदावर आता वेगळा शब्द आहे, गावातले लोक "दिसत न्हाई तिला" म्हणतात, आणि मला स्वतःला आंधळी हा शब्द चालतो. लहान आहे, खरा आहे. "बिचारी" मात्र चालत नाही. तो शब्द उच्चारणाऱ्या एका आजींना मी एकदा त्यांच्या म्हशीचं दूध पातळ लागतंय असं चारचौघांत सांगितलं होतं, आणि ते खरंच पातळ होतं.

शिक्षण माझं पुण्याला झालं, आधी अंधशाळेत आणि मग कॉलेजात. हॉस्टेलात शेजारच्या खोलीत एक ताई होती, तीही माझ्यासारखीच. तिच्याकडून मी लिनक्स शिकले. फुकट मिळतं, जुन्यापान्या मशीनवर चालतं आणि सगळं टाइप करून सांगता येतं, माउस धुंडाळत बसावं लागत नाही. ताईनं नवी पट्टी घेतली तेव्हा जुनी मला दिली. पट्टी म्हणजे ब्रेल वाचायचं यंत्र. हातभर लांब, वरच्या बाजूला बारीक छिद्रं, छिद्रांत टाचणीच्या टोकाएवढे दाणे. पडद्यावरची ओळ त्या दाण्यांत उठते, मी ती बोटांनी वाचते आणि कळ दाबली की पुढची ओळ येते. पट्टी नसेल तर पडदा आणि भिंत मला सारखेच.

बोलणारा संगणक असतो की, असं सगळे सांगतात. असतो. पण सकाळी केंद्रावर किटल्यांचा खणखणाट, भावाचा फोन, कुणाची गाय व्याली त्याच्या गप्पा, त्यात तो संगणक काय बोलतो ते त्याच्या निर्मात्यालाही कळणार नाही. शिवाय आपल्या दुधाला फॅट किती लागलं हे सगळ्या रांगेनं ऐकलेलं लोकांना खपत नाही. पट्टी गप्प असते. ते दोघांच्याही सोयीचं.

आधी केंद्रावर एक ऑपरेटर होता. तो पुण्याला कंपनीत लागला आणि भाऊ म्हणाला, "दुसरा मिळस्तोवर बस." मी बसले आणि दुसरा शोधायचं सगळेच विसरले. काम सोपं होतं. माणूस आपला सभासद नंबर सांगतो आणि दूध काट्यावरच्या भांड्यात ओततो. काट्यातून वायरनं वजन संगणकात येतं, ते माझ्या पट्टीवर उठतं आणि मी मोठ्यानं सांगते. समोरचा काट्यावरच्या आकड्याकडे बघून मान हलवतो. मला हललेली मान काय दिसणार, म्हणून मी सगळ्यांना "हं म्हणा" अशी सवय लावली. आता आमच्या केंद्रावर म्हातारीकोतारीसुद्धा हं म्हणतात. काही जण बँकेतही म्हणतात असं वहिनी सांगते.

कामाबद्दल तक्रार कुणाची नव्हती. पण आमचं दूध ज्या शीतकरण केंद्रात जातं तिथल्या सुपरवायझरच्या कानावर गेलं की नांदूरघाटला नोंदीला आंधळी बाई बसते. त्यांचा भावाला फोन आला. दसऱ्यानंतर मी येतो, समोर बसून बघतो, जमत असलं तर ठीक, नाहीतर आमचा माणूस पाठवू. त्यांचं काही चुकलं असं मला वाटलं नाही. दुधाच्या मापात गडबड झाली तर शिव्या त्यांनाच. पण त्यांच्या एका फेरीवर माझी खुर्ची अडकली होती, आणि त्या खुर्चीखेरीज मी आणखी काय करणार होते? घरात बसून लसूण सोलणं. लसूण मी उत्तम सोलते. तो प्रश्न नाही.

इथं मला थोडं गाभ्याविषयी सांगावं लागेल, नाहीतर पुढचं कळणार नाही. लिनक्सच्या पोटात एक गाभा असतो, त्याला कर्नल म्हणतात. संगणकाला कुठलीही वस्तू जोडली, काटा, प्रिंटर, माउस, काहीही, की ती वस्तू आधी आपला नंबर सांगते. मी अमक्या बनवणाऱ्याची, त्यातली तमकी. मी काय काम करते हे ती सहसा धडपणे सांगत नाही. गावात अनोळखी पोरगं दिसलं की लोक कसं, "कुणाचं रं तू?" एवढंच विचारतात, आणि उत्तरावरून त्याला ओसरीवर बसवायचं की माजघरात न्यायचं ते ठरवतात, तसं हे. गाभ्याकडे ड्रायव्हर असतात, म्हणजे एकेका वस्तूशी बोलता येणारे छोटे प्रोग्राम. आपण कुठल्या कुठल्या नंबरांना ओळखतो ते प्रत्येक ड्रायव्हरनं आधीच सांगून ठेवलेलं असतं. नंबर जुळला की तो ड्रायव्हर त्या वस्तूला हाताशी घेतो. कुणाशीच जुळला नाही तर वस्तू तशीच पडून राहते. दिवा लागलेला असतो, वीज मिळत असते, आणि तिच्याशी बोलायला कुणी नसतं.

सगळा गोंधळ होतो तो स्वस्त मालानं. यूएसबीच्या वायरीत एक छोटी चिप असते. ती इतकी स्वस्त आहे की दुनियाभरच्या कारखान्यांनी ती कशाकशात घातली आहे, आणि नंबर सांगते ती चिप. ती कशात बसवली आहे हे तिच्या गावीही नसतं. माझ्या पट्टीत तीच चिप होती. दसऱ्याच्या थोडं आधी केंद्रावर नवा काटा आला, त्याच्या वायरीतही तीच निघाली. जुन्या काट्याची वायर जाड, वेगळ्याच तोंडाची होती, म्हणून तोवर हे कधी उद्भवलं नव्हतं. आता दोघंही एकच नंबर सांगायला लागले.

त्यात गाभ्याची चूक नव्हती. त्यानं दोघांनाही बरोबर ड्रायव्हर दिला. पण लिनक्समध्ये आंधळ्या माणसांसाठीचा एक प्रोग्राम आधीपासून बसवलेला येतो. ब्रेलची पट्टी लावली की तो आपोआप उठतो आणि तिचा ताबा घेतो. त्याच्याकडेही नंबरांची ओळख असते. आमच्या काट्याची वायर लागली की त्याला वाटायचं, आली कुणा आंधळ्याची पट्टी. मग तो ती वायर ड्रायव्हरच्या हातातून काढून स्वतः घ्यायचा आणि काट्याशी ब्रेलमध्ये बोलायला बघायचा. काटा काय उत्तर देणार? पडद्यावर वजन शून्य. माझ्या सोयीसाठी असलेला प्रोग्राम माझ्याच नावाखाली भावाचा काटा अडवत होता.

भावानं केजहून मेकॅनिक बोलावला. मी खुर्चीच्या शेजारी स्टुलावर बसले होते. मेकॅनिकनं दोन-चार कळा दाबल्या आणि म्हणाला, "हे बगा ताई, घावला. आंदळ्या माणसांसाठीचा प्रोग्राम असतो हा. कुनी मागत न्हाई, कुनाला लागत न्हाई, उगं वायरी धरून बसतो. आमी कुठंबी लिनक्स टाकलं की पयला ह्याला उडवतो. हितलाबी उडवला आत्ता."

मी म्हणाले, "मला लागतो."

"कावून?"

"मी आंधळी हाय म्हणून."

नंतर वहिनीनं सांगितलं की तो तोवर बराच वेळ माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून मला काहीतरी दाखवत होता, आणि मी बघत नाही म्हणून त्याला वाटत होतं, बाई लई तोऱ्यात हाय. वहिनी तेव्हा चहा घेऊन दारात उभी होती. तिला हसू आवरेना, ती चहा घेऊन परत आत गेली. मेकॅनिक बिचारा (त्याला तो शब्द चालतो) एकदम खालच्या आवाजात ताई, माफ करा, ताई, माफ करा म्हणत राहिला. मी म्हटलं माफीचं राहू दे, काढलेला प्रोग्राम परत टाक. त्यानं टाकला. त्याच्यावर मी खरं तर चिडले नव्हते. ज्यांच्याकडे हा जातो त्यांच्यापैकी कुणालाच तो प्रोग्राम कधी लागला नसणार. त्याच्या धंद्यात आम्ही येतच नाही.

काटा मात्र अजून अडलेलाच होता. दुपारी केंद्र बंद असताना मी बसले. अशा वेळी लोक काय करतात ते मला माहीत होतं. प्रोग्रामच्या ओळखीतून तो नंबर पुसून टाकतात. मी पुसला असता तर काटा सुटला असता आणि पट्टी गेली असती, कारण नंबर एकच. पण गाभ्याला नंबराशिवाय आणखी एक गोष्ट कळते: वस्तू कुठल्या पोर्टात लावली आहे, म्हणजे मागच्या कुठल्या भोकात. मी नियम लिहिला. वरच्या पोर्टात हा नंबर आला तर तो काटा, त्याला आंधळ्यांच्या प्रोग्रामनं हात लावायचा नाही. खालच्या पोर्टात आला तर ती पट्टी. थोडं चुकत-माकत संध्याकाळच्या आत जमलं. भाऊ काट्यावर पाण्याची बादली ठेवून बघत होता. वजन उठलं, माझ्या बोटांखालीही उठलं. भाऊ म्हणाला, "हां, आता कसं." त्याच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

वरच्या पोर्टाशेजारी मी वहिनीची एक टिकली चिकटवून घेतली. लोकांना वाटतं ती माझ्यासाठी. मला वरचं आणि खालचं भोक बोटानं कळतं. टिकली डोळस माणसांसाठी होती, म्हणजे भाऊ किंवा वहिनीनं वायर काढली तर परत कुठं लावायची ते त्यांना दिसावं.

मग नवरात्र आलं. आत्या नेकनूरला असते, ती आजारी होती. खंडेनवमीच्या सकाळची दुधाची पाळी उरकून मी एसटीनं तिच्याकडे गेले. खंडेनवमीला आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊनपुसून पूजेला मांडतात. कोयता, खुरपं, मोटारसायकल, कडबाकुट्टी, आणि आता केंद्रावरचं सामानही. धुवायचं म्हणजे वायरी निघणार, हे मला माहीत होतं. जाताना भावाला दोनदा सांगितलं, टिकलीकडं लक्ष ठेव. तो म्हणाला, "जा बिनघोर." दसऱ्याच्या संध्याकाळी मी परत आले तेव्हा पाळी संपत आली होती. भावानं सोनं म्हणून आपट्याची पानं हातात दिली आणि म्हणाला, "आज राहू दे, सण हाय, आराम कर." मला बरंच वाटलं. आपली काळजी करतो असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी केंद्रात गेले तर भाऊ खुर्चीत होता. संगणक चालू होता, रांग लागली होती, आणि अनोळखी बुटांचा आवाज येत होता. सुपरवायझर आले होते. दसऱ्यानंतर येतो म्हणजे दसऱ्याच्या दुसऱ्याच दिवशी पहाटे निघून येतील असं कुणाला वाटलं होतं? मी नमस्कार केला. भाऊ मला सगळं चालू करून देतोय असं समजून मी फळीवरच्या पिशवीतून पट्टी काढली, तिची वायर मागे लावली आणि बोटं ठेवली.

काही उठलं नाही. वहिनी चहाचे कप मांडत होती. तिला हळूच विचारलं, "पट्टीचा दिवा लागलाय का बघ." ती म्हणाली, "लागलाय की."

मला वाटलं, झालं, वायरींची अदलाबदल झाली. मागे हात घालून चाचपलं. काटा वरच्या पोर्टात होता, पट्टी खालच्या. बरोबर होतं सगळं. टिकली तेवढी मागे नव्हती, पुसताना निघाली असणार. पुढे मात्र पूजेच्या टिकल्याच टिकल्या. संगणकाच्या डब्यावर, प्रिंटरवर, फॅट मशीनवर, काट्याच्या कडेला, इतकंच काय माउसच्या पाठीवरसुद्धा एक बारीक टिकली, आणि सगळ्याला हळदीकुंकवाचा खरखरीतपणा. मी सवयीनं पट्टीवरूनही हात फिरवला. पट्टी कोरी होती. तिला पूजेला मांडलंच नव्हतं. हे लक्षात आलं, पण त्यावर विचार करायला तेव्हा सवड नव्हती.

तोवर भावानं दुधं घ्यायला सुरुवात केली होती. वजन येत होतं. तो आकडा सांगत होता, माणसं हं म्हणत होती. काटा मजेत चालला होता. बंद होते ती फक्त मी.

मी त्याच्या कानाशी वाकून विचारलं, "संगणकाला कुणी हात लावलाय का?"

"मेकॅनिक आलता परवा. जरा साफ करून गेला."

"काय साफ केलं?"

त्यानं पुढचा नंबर विचारला. एक किटली रिकामी झाली, दुसरी पुढं आली. मग माझ्याकडे न वळता म्हणाला, "साहेब येणार होते ना. म्हणलं, वजन तरी अडकू नये."

मला कळलं. यावेळी मेकॅनिकनं सवयीनं उडवला नव्हता. त्याला भावानं तसं सांगितलं होतं. माझ्या पट्टीनं आपला नंबर सांगितला होता, गाभ्यानं तो ओळखला होता, ड्रायव्हरनं तिला हाताशीही घेतलं होतं, आणि त्यापुढं ब्रेलमध्ये बोलणारा जो होता तो आता घरात नव्हता. काटा अडायचं काहीच कारण उरलं नव्हतं. मी नियम लिहून दोघांनाही जागा करून दिली होती, ती चालत होती, भावानं स्वतः बादली ठेवून बघितली होती. पण आयत्या वेळी त्याचा विश्वास काट्यावर बसला आणि माझ्यावर बसला नाही.

सुपरवायझरांनी भावाला विचारलं, "तुमच्या भगिनी बसतात ना नोंदीला?"

भाऊ म्हणाला, "बसती की, कधीमधी."

मला राग आला. मी दोन वर्षं तिथं रोज सकाळ-संध्याकाळ बसत होते. थंडीत हाताला फुंकर घालून दाणे वाचले होते. ताप अंगावर काढून बसले होते. आणि हा कधीमधी म्हणतो? परक्यानं म्हटलं असतं तर मी हसले असते.

"कधीमधी न्हाई साहेब," मी म्हणाले. "रोज, दोन्ही पाळ्या. आज माझं वाचायचं यंत्र बंद हाय, त्याचा प्रोग्राम काढून टाकलाय. तुमी चहा घेईस्तोवर बसवते."

"राहू दे ना आता," भाऊ म्हणाला. "लोकं खोळंबलेत."

तेव्हा वहिनीनं कपांचं ताट फळीवर ठेवलं. माझी वहिनी माणसांसमोर नवऱ्याला कधी उलटून बोलत नाही. ती म्हणाली, "अहो, उठा जरा."

तो उठला. ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली आणि मी खुर्चीत बसले. खुर्ची गरम होती.

मला पडदा दिसत नाही, पण आज्ञा तोंडपाठ आहेत. मी टाइप करायची आणि पडद्यावर काय आलं ते वहिनीनं सांगायचं. ती दहावी झालेली आहे. इंग्रजी शब्द तिला जमत नाहीत, अक्षरं येतात. एकेक अक्षर ती म्हणत गेली आणि मी डोक्यात शब्द जुळवत गेले. आधी नेट नव्हतं, म्हणून तिच्या मोबाइलवरून जोडलं. मग एक स्पेलिंग माझंच चुकलं. घाईत बोटं घसरतात. रांगेत चुळबुळ सुरू झाली. मागून कुणीतरी म्हणालं, "आज काय हाय?" दुसरा म्हणाला, "होऊ दे, होऊ दे." सुपरवायझर चहा पीत होते, बशीचा आवाज येत होता. हे जमलं नाही तर ते समोरासमोर बघून जाणार होते की बाईला जमत नाही, आणि त्यात खोटं काही नसतं.

वहिनी म्हणाली, "आता आकडा वाढायलाय. थांबला. परत वाढायलाय. पुरा झाला." मी वायर काढून परत लावली.

मी लिहिलेला नियम मेकॅनिकनं पुसला नव्हता. तो मशीनमध्ये आहे हेच त्याला माहीत नव्हतं. वरच्या पोर्टातला काटा काटाच राहिला. खालच्या पोर्टात पट्टी होती. दाणे एकदम उठले, त्यांची ती बारीक करकर मला ऐकू आली, आणि बोटांखाली ओळ आली. भांड्यात कुणाचं तरी दूध ओतून तसंच राहिलं होतं. मी वजन मोठ्यानं सांगितलं.

"हं," तो म्हणाला.

सुपरवायझर उठून काट्याजवळ आले. पुढच्या माणसाचं दूध ओतून झालं तेव्हा ते म्हणाले, "जरा थांबा." वहिनी नंतर म्हणाली, त्यांनी हातातली फाइल काट्याच्या आकड्यावर आडवी धरली होती, कुणालाच दिसू नये म्हणून. मला म्हणाले, "आता सांगा." मी सांगितलं. हं आलं नाही, कारण त्या माणसालाही आकडा दिसत नव्हता. मग फाइल उचलली गेली आणि हं आलं. त्याच्या पुढच्याला त्यांनी तसंच केलं. मग फाइल काखेत मारून परत स्टुलावर बसले, ते पाळी संपेपर्यंत.

जाताना दारात बूट घालता घालता ते भावाला म्हणाले, "चालू द्या ह्यांचंच. आमचा माणूस पाठवत न्हाई." आणि मग, अगदी साध्या आवाजात, "पण मघाशी तुमी कधीमधी कशाला म्हणलात?"

गाडी गेल्याचा आवाज येईपर्यंत भाऊ दारातच उभा होता. मग आत आला आणि फरशीवर सांडलेलं दूध पुसायला लागला. ते काम एरवी वहिनीचं असतं.

त्या गोष्टीवर आम्ही दोघं कधी बोललो नाही. माफी मागणं हे आमच्या घरातल्या पुरुषांना येत नाही, आणि मलाही ती ऐकून घेणं जमलं नसतं. मेकॅनिक अजून येतो. आल्या आल्या विचारतो, "ताई, काय काडायचं न्हाई ते आदी सांगा." एवढं तो शिकला.

यंदाच्या खंडेनवमीला मी घरीच होते. भाऊ बाहेरून ओरडला, "तुझी पट्टी आण पूजेला." मी म्हटलं, कुंकू छिद्रांत गेलं तर दाणे अडकतात, माझं नुकसान होईल. तो वहिनीला म्हणाला, "कडेला नुसती टिकली लाव, कुंकू नको." ती टिकली अजून आहे. ओळ वाचून संपली की अंगठा तिच्यावर येतो.

राग गेला का, असं वहिनीनं परवा विचारलं. मी म्हटलं, बराचसा. उरलेला आहे तो माझ्याजवळ राहू दे.

आता केंद्रावर कुणी नवा माणूस दूध घालायला आला की मला बघून बिचकतो आणि भावाला बाजूला घेऊन हळूच विचारतो, नोंदीला कोण बसलंय. भाऊ म्हणतो, "बहीण हाय. रोज असती." रोज हा शब्द तो जरा मोठ्यानं म्हणतो. विचारणाऱ्याला तेवढ्या मोठ्यानं म्हणायची काही गरज नसते, तो शेजारीच उभा असतो. मी खुर्चीत असते, तिथपर्यंत ऐकू येतं.